गोदावरीवरचे तात्या

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी जालना जिल्ह्यातल्या राजूरचा. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव बहुतेकांना राजुरेश्वर गणपतीमुळे ठाऊक असतं. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून रात्रीतून चालत येणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना गाव कुठे आहे हे सांगायला नको. टेकडीवर मंदिर, खाली गाव आणि भोवती कोरडवाहू शेती. समुद्र इथून चारशे किलोमीटर. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी समुद्र न पाहताच डोळे मिटले.

अशा गावातून माझे धाकटे चुलते १९५५ साली नौदलात गेले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तेव्हा त्यांचं वय अठरा. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, आणि तात्यांच्या सुरुवातीच्या इयत्ता निजामाच्या अमलातल्या, म्हणजे उर्दूतून झालेल्या. लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नौदलाच्या केंद्रात त्यांचं इंजिनकामाचं शिक्षण झालं आणि दोन-तीन वर्षांनी घरी पत्र आलं. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं : आय.एन.एस. गोदावरी, फ्लीट मेल ऑफिस, मुंबई.

पत्र मी वाचून दाखवलं. मी तेव्हा आठ वर्षांचा. माझी आजी शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "गोदावरीवर हाय म्हंतो, मंग पैठणाला उतरून घरी यायला काय झालं त्याला?"

घरातली सगळी माणसं हसली. आजी मात्र हसली नाही. तिच्या हिशेबानं गोदावरी एकच, आणि ती पैठणावरून वाहते. त्या नावाचं जहाज असतं आणि ते समुद्रात फिरतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. आज मी त्या जहाजाबद्दलच बोलणार आहे. कारण आजीचा प्रश्न भोळा असला, तरी माणसानं घरी कसं यायचं, हा त्यातला मुद्दा खरा होता. तो मला पुढे पंचेचाळीस वर्षांनी कळला.

'गोदावरी' ही विनाशिका होती. इंग्रजीत ज्याला डिस्ट्रॉयर म्हणतात ती. ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धात 'हंट' वर्गातल्या ऐंशीहून अधिक लहान विनाशिका बांधल्या, त्यांतली ही एक. मोठ्या विनाशिका तयार व्हायला वेळ लागे आणि इकडे जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवत सुटल्या होत्या. तेव्हा ताफ्याच्या सोबतीला, राखणीला चालेल असं लहान, स्वस्त आणि लवकर बांधून होणारं जहाज हवं होतं. या वर्गातल्या जहाजांना इंग्लंडमधल्या कोल्ह्यांच्या शिकारीच्या मंडळांची नावं दिली गेली. आपलं जहाज टाइन नदीकाठच्या हॉथॉर्न लेस्ली या गोदीत बांधलं, जुलै १९४१मध्ये पाण्यात सोडलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बेडेल'. बेडेल हे यॉर्कशायरमधलं एक छोटं बाजाराचं गाव.

जहाज किती मोठं? लांबी साधारण पंच्याऐंशी मीटर. म्हणजे आठ एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी होईल तेवढी. रुंदी दहा मीटरसुद्धा नाही. तेवढ्या जागेत चार इंची तोफांच्या तीन जोड्या, विमानविरोधी तोफा, पाणबुडीवर टाकायचे पाणसुरुंग, दोन बॉयलर, टर्बाइनं आणि दीडशेहून जास्त माणसं. वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या वर.

या जहाजांची एक गंमत तात्या नेहमी सांगायचे. ती गंमत म्हणजे त्यांचं हलणं. पुढे वाचनात आलं की, यात काही तथ्य होतं. हंट वर्गाची पहिली जहाजं बांधताना आराखड्याच्या हिशेबात चूक झाली होती. जहाज वरच्या अंगाला जड झालं. मग पहिल्या काही जहाजांवरची तोफांची एक जोडी उतरवावी लागली आणि पुढच्या जहाजांची रुंदी वाढवावी लागली. 'बेडेल' या सुधारलेल्या, रुंद केलेल्या जहाजांपैकी. तरी पावसाळी समुद्रात ते इतकं कलायचं की, तात्या म्हणत, "ताटातलं वरण एका बाजूला अन् भात दुसऱ्या बाजूला. कालवायचं काम समुद्रच करायचा."

तात्यांचं काम मात्र खाली, बॉयलर रूममध्ये. तिथलं वर्णन ते इतकं तपशिलानं करत की, मला आजही ती खोली डोळ्यांपुढे दिसते. बॉयलरला हवा जोरानं मिळावी म्हणून ती सगळी खोलीच दाबाखाली ठेवलेली असे. आत जायला दोन दारं. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पाऊल टाकलं की कानात दडे बसायचे. दोन्ही दारं एकदम उघडी राहिली आणि हवेचा दाब पडला, तर भट्टीतली ज्वाळा उलटून माणसांच्या अंगावर येऊ शकते. भट्टीत कोळसा नव्हे, तर तेल फवारलं जाई. हवा कमी पडली की धुराड्यातून काळा धूर, जास्त झाली की पांढरा. दोन्ही वाईट, कारण युद्धात धूर दूरवरून दिसतो. म्हणजे वर पुलावर उभा असलेला कप्तान आकाशाकडे बघून ओळखणार, खाली कुणाचं लक्ष नाही ते.

आणि पाणी! सभोवती सगळा समुद्र, पण गोडं पाणी जहाजावरच समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवायचं. त्यातलं पहिलं पाणी बॉयलरचं. बॉयलरला क्षार चालत नाहीत. बॉयलरचं पोट भरलं की उरलेलं माणसांचं. "बॉयलर सासऱ्यासारखा. त्याचं झाल्यावर आपलं," असं तात्या म्हणत. अंघोळीला पाणी मोजून.

आता 'बेडेल'ची 'गोदावरी' कशी झाली, ते सांगतो.

खरं म्हणजे ही पहिली 'गोदावरी' नव्हे. इंग्रजांच्या काळातल्या रॉयल इंडियन नेव्हीत 'गोदावरी' नावाची एक लढाऊ नौका १९४३ साली दाखल झाली होती. फाळणीत घरातली भांडी वाटावीत तशी जहाजंही वाटली गेली. सतलज, जमुना, कृष्णा आणि कावेरी ही नावं असलेल्या नौका भारताकडे राहिल्या. नर्मदा आणि गोदावरी नावाच्या नौका गेल्या पाकिस्तानला! तिकडे 'गोदावरी'चं नाव बदलून 'सिंध' ठेवण्यात आलं. नदी इकडे आणि जहाज तिकडे, अशी स्थिती झाली.

स्वतंत्र भारताला नौदल उभं करायचं होतं आणि तिजोरीत पैसा बेताचा. तेव्हा ब्रिटनची युद्धातली वापरलेली जहाजं घेणं, हाच मार्ग होता. १९४९ साली रॉदरहॅम, रेडाउट आणि रेडर या तीन मोठ्या विनाशिका आल्या. त्यांची नावं झाली राजपूत, रणजित आणि राणा. मग १९५२ साली हंट वर्गातली तीन जहाजं उसनी घेण्याचा करार झाला. लॅमर्टनची झाली गोमती, चिडिंगफोल्डची झाली गंगा आणि २७ एप्रिल १९५३ रोजी बेडेलची झाली गोदावरी. पुढे आपण ही जहाजं विकतच घेतली.

जुन्या म्हणून या जहाजांना कुणी हिणवू नये. 'राजपूत'चं उदाहरण घ्या. १९७१च्या डिसेंबरात ती एकोणतीस वर्षांची होती आणि निवृत्तीच्या वाटेवर होती. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या शोधात बंगालच्या उपसागरात शिरली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी 'विक्रांत'ला अंदमानकडे लपवलं आणि 'राजपूत'कडून असे बिनतारी संदेश धाडायला लावले की, ऐकणाऱ्याला वाटावं, 'विक्रांत' इथेच आहे. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास 'राजपूत' विशाखापट्टणमच्या बंदरातून बाहेर पडली. पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली, म्हणून तिनं पाणसुरुंग टाकले. त्याच रात्री 'गाझी' बंदराच्या तोंडाशी बुडाली. तीवरचे त्र्याण्णव जण गेले. पाणबुडी 'राजपूत'च्या पाणसुरुंगांमुळे बुडाली, असं आपलं नौदल मानतं. ती आतल्या स्फोटानं किंवा तिनंच पेरलेल्या सुरुंगानं फुटली, असं पाकिस्तान म्हणतं. तो वाद आजही आहे. 'गाझी'सुद्धा मूळची अमेरिकन 'डायब्लो', म्हणजे तीही दुसऱ्याची वापरलेलीच. दोन गरीब देश मोठ्यांची जुनी हत्यारं घेऊन समोरासमोर आले होते.

तात्या तोवर नौदलातून बाहेर पडले होते. पंधरा वर्षांची नोकरी करून १९७० साली ते राजूरला परत आले. मुंबईत गोदीत काम मिळत होतं. चांगला पगार, चाळीत खोलीची सोय. ते सोडून तात्या इथे आले आणि बारा एकर कोरडवाहू जमिनीत उतरले. गावात सगळे म्हणाले, याचं डोकं फिरलं. माझे वडीलही म्हणाले, "तात्या, तुम्ही चूक केली." वडील थोरले असूनही भावाला तुम्ही म्हणायचे, हे विशेष. तात्यांनी कधी उत्तर दिलं नाही.

आणि लगेच आला १९७२चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरं विकली, माणसं खडी फोडायला गेली. त्या वर्षी आमच्या घरात जहाजावरचा कायदा लागू झाला. तात्यांनी रांजणाला झाकण घालून त्यावर एकच मापाचं भांडं ठेवलं. प्यायचं वेगळं, बैलांचं वेगळं. अंघोळ दोन तांब्यांत, आणि तेच पाणी परातीत धरून लिंबाच्या झाडाला. आजी चिडायची. तात्या म्हणायचे, "आई, आधी बॉयलर, मंग माणूस." आमचा बॉयलर म्हणजे बैलजोडी. त्या उन्हाळ्यात दावणीला बैल राहिलेली आमच्या गल्लीतली दोनच घरं होती. एक आमचं.

१९७६च्या मार्चमध्ये मालदीव बेटांजवळ 'गोदावरी' खडकाळ उथळ भागात रुतली आणि तिचं मोठं नुकसान झालं. पुढे १९७९ साली ती मोडीत निघाली. तात्यांना हे त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या पत्रातून कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला तेव्हा नवल वाटलं. लोखंडाचं जुनं जहाज, त्यात काय एवढं? मी शाळेत शिक्षक होतो, वर्गात इतिहास शिकवत होतो आणि घरातला इतिहास समोर उपाशी बसलेला मला समजत नव्हता.

नाव मात्र मोडीत निघालं नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, आपल्याच लोकांनी आराखडा केलेली नवी 'गोदावरी' १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात आली. आता उसनी नव्हे, घरची. आणि योग बघा, १९८८च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर ते ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट' नावाच्या जहाजातून पळाले. त्यांना भर समुद्रात गाठून शरण आणलं ते 'गोदावरी' आणि 'बेतवा' या आपल्या युद्धनौकांनी. तात्यांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली. "मालदीवचं देणं फिटलं," म्हणाले.

इथवरची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. म्हणजे जहाज इंग्रजांचं होतं, मग आपलं झालं, असं. तात्याही म्हणायचे, "विलायती जहाज." पण या गोष्टीला एक मधला खण होता, आणि तो तात्यांनाही माहीत नव्हता.

२००३ साली मी त्या वेळच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका ग्रंथालयात बसलो होतो. महायुद्धातल्या युद्धनौकांची एक जाडजूड सूची हाताला लागली. सहज म्हणून 'बेडेल' काढलं. तिथे लिहिलं होतं, १९४२ ते १९४६ : पोलंडचं नौदल, नाव 'श्लोंझाक'. मला वाटलं, छापण्यात चूक असेल. पण चूक नव्हती. 'बेडेल' ब्रिटिश नौदलात राहिलीच नाही. तयार होताच, १९४२च्या एप्रिलात ती पोलंडच्या खलाशांच्या ताब्यात दिली गेली.

श्रोते हो, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. त्याच्या दोन दिवस आधी पोलंडच्या तीन विनाशिका बाल्टिक समुद्रातून निघून ब्रिटनला पोहोचण्यासाठी रवाना झाल्या होत्या. काही पाणबुड्या नंतर निसटल्या. महिनाभरात देश संपला. पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया, दोघांनी वाटून घेतला. पण त्या देशाचं नौदल शिल्लक राहिलं, परक्या बंदरात. देश नाही, पण झेंडा आहे, अशी ती माणसं. ब्रिटननं त्यांना आणखी जहाजं दिली. 'श्लोंझाक' म्हणजे सायलेशिया प्रांतातला माणूस. आपण 'मराठवाड्याचा' म्हणतो ना, तसं.

या जहाजानं पुढची तीन वर्षं जे पाहिलं, ते एखाद्या मोठ्या जहाजालाही पुरून उरावं. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या दिएप बंदरावर दोस्तांनी छापा घातला. सुमारे सहा हजार सैनिक, त्यांतले पाच हजार कॅनडाचे. तो छापा साफ फसला. एकट्या कॅनडाचे नऊशेहून अधिक सैनिक मारले गेले आणि दोन हजारांच्या जवळपास पकडले गेले. 'श्लोंझाक' या छाप्यात सामील असलेलं एकमेव पोलिश जहाज. पहाटेच्या अंधारात कमांडोंच्या होड्या एका जर्मन ताफ्यावर जाऊन आदळल्या, तेव्हा राखणीला असलेली 'श्लोंझाक' काही मैलांवर होती. गोळीबार किनाऱ्यावरून होतो आहे, असा तिच्या कप्तानाचा समज झाला आणि ती मदतीला गेली नाही. त्याबद्दल त्या कप्तानाला, नाल्येंच-तिमिन्स्की यांना, नंतर पुष्कळ दोष दिला गेला. पण त्याच दिवशी, उजाडल्यावर, वरून विमानं झेपावत असताना याच जहाजानं किनाऱ्याजवळ थांबून पाण्यातले कॅनेडियन सैनिक वर ओढून घेतले. चूक आणि धाडस, दोन्ही एकाच दिवशी, एकाच जहाजावर. इतिहासात असं पुष्कळदा घडतं, आणि पाठ्यपुस्तकात त्यातलं एकच येतं.

पुढे १९४३ साली सिसिली आणि इटलीवरच्या चढाईत ती होती. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरलं, तेव्हा 'स्वोर्ड' नावाच्या भागात, लिओं-सुर-मेर या गावाजवळ अडकलेल्या ब्रिटिश कमांडोंना 'श्लोंझाक'च्या तोफांनी हात दिला. कमांडोंनी जहाजाला आभाराचा संदेश पाठवला.

मग युद्ध संपलं. दोस्त जिंकले. आणि पोलंड? याल्टाच्या बैठकीनंतर तो रशियाच्या पंखाखाली गेला. जुलै १९४५मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातलं नवं कम्युनिस्ट सरकार मानलं. ज्या सरकारच्या झेंड्याखाली हे खलाशी सहा वर्षं लढले, ते सरकार एका सहीनिशी संपलं. सप्टेंबर १९४६मध्ये जहाज ब्रिटनला परत करण्यात आलं. झेंडा उतरला, नाव पुन्हा 'बेडेल' झालं आणि जहाज राखीव ताफ्यात उभं राहिलं. तेच सात वर्षांनी 'गोदावरी' होऊन आपल्याकडे आलं.

इथे महाराष्ट्राची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. हे पोलिश खलाशी इंग्लिश खाडीत लढत होते, त्याच वर्षांत त्यांच्या देशातली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहत होती. रशियानं सायबेरियाकडे हाकललेली ही कुटुंबं. १९४३ ते १९४८ ती कोल्हापूरकरांच्या आसऱ्याला होती. तिथे शाळा चालल्या, लग्नं झाली, कबरीही झाल्या. २०१९ साली त्या मुलांपैकी काही जण, आता म्हातारे झालेले, ती जागा पाहायला पुन्हा आले होते. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. म्हणजे हे नातं कागदावरचं नाही.

तर मी हे सगळं टिपून घेतलं आणि पुढच्या रविवारी राजूरला गेलो. संध्याकाळची वेळ, तात्या ओट्यावर बसलेले. वय सहासष्ट. मी वही उघडून वाचायला लागलो. दिएप, सिसिली, नॉर्मंडी. मला वाटत होतं, तात्यांची छाती फुगेल. आपण ज्या जहाजावर तेल फवारलं, ते एवढ्या लढायांत होतं! तात्या ऐकत होते. दिएपच्या वेळी एकदाच बोलले, "विमानं वरून येत असताना जहाज थांबवलं? म्हंजे खालच्यांनी वाफ किती धरून ठेवली असंल." तेवढंच. त्यांना तोफा दिसल्या नाहीत. बॉयलर रूममधली माणसं दिसली.

माझं वाचून झालं. तात्यांनी विचारलं, "आन् मंग ती पोरं घरी गेली का?"

मी म्हणालो, "थोडी गेली, तात्या. त्यांच्याकडे नव्या सरकारनं संशयानं पाहिलं. पुष्कळ गेलीच नाहीत. कुणी इंग्लंडात राहिले, कुणी कॅनडात. तो कप्तान पण कॅनडातच राहिला."

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. नोकरीचा शेवटचा दिवस, पेटी, मुंबईहून रात्रीची गाडी. सकाळी जालन्याला उतरून भोकरदनची एसटी. "वळणावर गाडी आली अन् बाप्पाची टेकडी दिसली," ते म्हणाले. "तवा मला कळलं, पंधरा वर्षांची नोकरी झाली आपली. त्याच्याआधी नव्हती झाली. त्यांला काय दिसलं असंल रे, जहाजावरून उतरल्यावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मुंबईची गोदी सोडून हा माणूस बारा एकर कोरडवाहूत का परतला, हे मला त्या संध्याकाळी उमगलं. तेहतीस वर्षं गाव त्याला विचारत होतं, आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आजीचा प्रश्नही तोच होता, गोदावरीवर आहेस, तर पैठणाला उतरून घरी का येत नाहीस? नोकरी संपल्यावर तात्या घरी येऊ शकले. त्याच जहाजावर, त्यांच्या आधी त्याच भट्टीपुढे उभ्या असलेल्या कितीतरी पोरांना मात्र ते जमलं नाही, आणि तेही लढाई जिंकून.

त्यानंतर तात्या अंगारकीला मंदिराच्या पायऱ्यांवर बसायचे, जालन्याहून चालत आलेल्यांना पाणी द्यायचे. मापानं द्यायचे, ती सवय गेली नाही. एकदा मला म्हणाले, "ह्या टेकडीवरचं पाणी कुठं जातंय, माहीत हाय का?" मी भूगोलही शिकवलेला. म्हटलं, "पूर्णेला. आणि पूर्णा गोदावरीला." तात्या म्हणाले, "मंग म्हातारी चुकली नव्हती."

२०११ साली तात्या गेले. २३ डिसेंबर २०१५ रोजी माझगावात बांधलेली 'गोदावरी'सुद्धा बत्तीस वर्षांची सेवा करून निवृत्त झाली. ती बातमी मी कापून ठेवली आहे, त्यांच्या त्याच पाकिटात.

श्रोते हो, आपल्या प्रत्येक तालुक्यात असा एखादा तात्या असतो. सैन्यातून, नौदलातून, बोटीवरून परत आलेला. आपण त्याला लढाईच्या गोष्टी विचारतो. त्या जरूर विचारा. पण तुम्ही घरी कसे आलात, हेही एकदा विचारा, आणि तो जे सांगेल ते लिहून ठेवा. मी विचारायला फार उशीर केला होता. थोडक्यात निभावलं.